‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांच्यामध्ये अडकलेलं माझं लग्न

टी-ट्री कोव्ह, टास्मानिया
रविवार, १७ ऑगस्ट १९८६

प्रिय व्हेरामावशी,

तुझ्या मर्विनचा तुला वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे पुरतं वाकता येत नाही. जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नकोस म्हणून सांगितलं असताना तू पडदे धुवायला शिडीवर चढलीस, हे मला कळलं आहे. शिडी म्हणजे जिना नव्हे, हा तुझा युक्तिवादही कळला. तुझा पोपट बरा आहे ना? त्याला गार वाऱ्यात ठेवू नकोस. इथं यंदा थंडी अशी पडली आहे, की सकाळी पाना हातात धरला तर तो पाना आहे की बर्फाचा तुकडा हे बघूनच ठरवावं लागतं. बाकी मी खुशाल आहे. नुसता खुशाल नाही, गेल्या गुरुवारपासून मला इतकं हलकं वाटतंय, की कालच्या एका दिवसात मी मांस भरलेल्या तीन पेस्ट्र्या खाल्ल्या आणि त्यातली एकसुद्धा बाधली नाही.

तुझं गेल्या आठवड्यातलं पत्र पोचलं. त्याला पत्र काय म्हणायचं, नोटीसच ती. ‘मर्विन, होबार्टला तुझी बायको आणि जुळी मुलं आहेत असं कळलं. खरं असल्यास मला लग्नाला का बोलावलं नाहीस? खोटं असल्यास सविस्तर लिही.’ तर मावशी, खोटं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. होबार्टला माझी बायको नाही. कुठंच नाही. जुळीही नाहीत. आमच्या गावातल्या मिसेस लटविच यांची मावसबहीण लॉन्सेस्टनला तुझ्या चर्चमध्ये येते हे मला ठाऊक नव्हतं, नाहीतर तुला आधीच लिहिलं असतं. इथून तुझ्यापर्यंत पोचायला बातमीला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत मला दोन मुलं झाली. अजून आठवडाभर ती रस्त्यात राहिली असती तर नातवंडंसुद्धा झाली असती. हा सगळा घोटाळा दारूमुळे नाही, बाईमुळेही नाही (म्हणजे बाई आहे, पण तिची चूक नाही). घोटाळा इंग्रजी व्याकरणामुळे झाला. हसू नकोस. पुढं वाच.

मिस युनिस पेनरोजबद्दल मी तुला नाताळात दोन-तीनदा सांगितलं होतं, तेव्हा तू ‘हं’ म्हणाली होतीस. (तुझा तो ‘हं’ मी विसरलेलो नाही.) या बाई पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे भाऊ अल्बन वारले आणि त्यांची होडी बाईंकडे आली. होडीचं इंजिन दाखवायला त्या माझ्या शेडमध्ये आल्या, ती आमची पहिली भेट. मी आत एका मच्छीमार बोटीच्या पोटाखाली आडवा होतो. बाहेर मी माझ्या हातानं रंगवलेली पाटी: ‘मी इथं नव्हतो तर घंटा वाजवा.’ घंटा वाजली. मी बाहेर आलो तर टोपी घातलेल्या एक उंच बाई पाटीकडे बघत उभ्या. म्हणाल्या, ‘मिस्टर टॅगर्ट, तुमच्या पाटीप्रमाणे तुम्ही पूर्वी कधीतरी इथं नव्हता, म्हणून मी आत्ता घंटा वाजवायची आहे. वाजवली. आता पुढं?’ मी म्हटलं, पुढं इंजिन बघू. इंजिनाचा प्लग काळा पडला होता, दुसरं काही नव्हतं. पण मी ते आठ दिवस ठेवून घेतलं.

बाई दर मंगळवारी संध्याकाळी वाचनालयात मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग घेतात. मी नाव घातलं. वर्गात आम्ही सहाजण: कांद्याची शेती करणारे दोघे भाऊ, पोस्टातल्या बाई, मिसेस लटविच (यांना सगळं येतं, त्या फक्त कोणाला काय येत नाही ते बघायला येतात), माझा दोस्त नेव्ह स्पॉल्डिंग आणि मी. नेव्ह मासेमारी करतो आणि वर्गाला हीटरसाठी येतो. हळूहळू असं झालं की मला रविवारी चर्चनंतर बाईंच्या घरी जेवायला बोलावणं येऊ लागलं. भाजलेलं कोकराचं मटण, पुदिन्याची चटणी, बटाटे, वर कस्टर्ड. मी तिथं जेवायचो आणि मग काहीतरी दुरुस्त करायचो, कारण त्या घरात दर शनिवारी रात्री काही ना काही बिघडायचंच. नळ गळायचा, खिडकीची कडी निघायची. एवढं नवं घर आणि इतकं कसं मोडतं याचं मला नवल वाटायचं. (नळातला वायसर ती स्वतःच काढून ठेवायची, हे तिनं परवा कबूल केलं. मी सात वेळा बसवलेला वायसर प्रत्येक वेळी तोच होता. आणि मी स्वतःला मेकॅनिक म्हणवतो.)

दीड वर्ष असं चाललं. बाईंची युनिस झाली, मिस्टर टॅगर्टचा मर्विन झाला. गावात मला सगळे मर्व्ह म्हणतात, पूर्ण मर्विन तू म्हणतेस आणि ती. शेवटी जून महिन्यात मी ठरवलं, की आता विचारायचं. पण कसं? मी नेव्हला विचारलं. आता मला कळतं की ज्या माणसाचे तीन साखरपुडे झाले आणि लग्न एकही झालं नाही, त्याला हे विचारायचं नसतं. नेव्ह म्हणाला, ‘मर्व्ह, सरळ विचारायचं नाही रे बाबा. आधी एक जर लावायचा. नांगर टाकताना आपण दोर जास्त सोडतो का नाही? तसं. बाई नाही म्हणाली, तर अगं मी नुसतं जर म्हटलं, असं म्हणून दोर गुंडाळायचा आणि घरी यायचं. इज्जत जात नाही.’ मला हे पटलं. माझी इज्जत एकदा जाऊन झालेली आहे हे तुला माहीत आहे, त्यामुळे उरलेली मी जपून वापरतो.

आता इथं व्याकरण येतं. जुलैच्या पहिल्या मंगळवारी एका बोटीचा पंखा अडकला आणि मला वर्गाला अर्धा तास उशीर झाला. मी टोपी काढत आत शिरलो तेव्हा युनिस सांगत होती, की जरच्या पुढं सुसंस्कृत माणूस ‘आय वॉज’ म्हणत नाही, ‘आय वेअर’ म्हणतो. मी ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, ‘वॉज’ हा कामावरचा तेलकट डगला आणि ‘वेअर’ हा लग्नात घालायचा कोट. मोठ्या प्रसंगी कोट घालायचा, संपलं. पहिल्या अर्ध्या तासात तिनं काय सांगितलं होतं ते मला माहीतच नव्हतं. ते असं होतं, की जे मुळात नाहीच, पण असतं तर काय झालं असतं, एवढ्याचपुरता हा ‘वेअर’ वापरतात. ‘मी राजा असतो तर’ म्हणणारा माणूस राजा नसतो, हे ऐकणाऱ्याला त्यातच कळतं. आपल्या बोलण्यात ‘आहे’ आणि ‘असतो तर’ यांत जे अंतर आहे, तेवढं अंतर त्या एका शब्दात आहे. आणि मी तो शब्द शोभेचा म्हणून घेऊन निघालो.

२० जुलैच्या रविवारी जेवण झालं. कस्टर्डचं भांडं टेबलावर होतं. मी उभा राहिलो. वाक्य मी प्लगच्या खोक्याच्या मागं लिहून पाठ केलं होतं, आठवडाभर एका डिझेल इंजिनासमोर म्हणून बघितलं होतं आणि इंजिनानं काही हरकत घेतली नव्हती. मी म्हणालो, ‘इफ आय वेअर इन लव्ह विथ यू, युनिस, अँड इफ आय वेअर फ्री, आय वुड आस्क यू टु मॅरी मी.’ दोन ‘वेअर’ घातले. एकही ‘वॉज’ नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला. मावशी, मी त्या बाईला भर जेवणानंतर, तिच्याच घरात, तिचंच मटण खाऊन, जे सांगितलं ते असं होतं: माझं तुझ्यावर प्रेम असतं, आणि मी मोकळा असतो, तर तुला लग्नाचं विचारलं असतं. म्हणजे प्रेम नाही. मोकळाही नाही. त्यामुळे विचारत नाही. कस्टर्ड छान झालंय.

युनिसनं चमचा बशीत अगदी सरळ ठेवला आणि म्हणाली, ‘मिस्टर टॅगर्ट, इतक्या स्वच्छ शब्दांत आजवर मला कोणी काही सांगितलं नव्हतं.’ मग उठून माझी टोपी आणून दिली. मी काय समजलो असेन? मी समजलो, तारीफ केली! मिस्टर टॅगर्ट म्हणाली ते प्रसंगाला धरून, आणि टोपी दिली ती विचार करायला वेळ हवा म्हणून. मी शीळ घालत टेकडी उतरलो. नेव्हला बिअर पाजली. तो म्हणाला, ‘बघ! जर लावला म्हणून जमलं.’ सोमवारी मी शेडमध्ये गाणी म्हणत होतो. तुला माझं गाणं माहीत आहे.

मंगळवारी वर्गात युनिस आली ती माझ्याकडे न बघता फळ्याकडे गेली आणि तिनं ‘इफ ही वेअर’नं सुरू होणारं एक वाक्य लिहिलं: ‘तो प्रामाणिक असता, तर त्यानं हे दीड वर्षापूर्वीच सांगितलं असतं.’ खडू दोनदा मोडला. मग वळून म्हणाली, ‘इथं वॉज न येता वेअर का आलं?’ कांदेवाल्यांपैकी थोरला म्हणाला, ‘कारण तो प्रामाणिक नाही, मिस.’ ‘अगदी बरोबर,’ युनिस म्हणाली. मी ते वहीत लिहून घेत होतो. अर्ध्यावर माझा हात थांबला. शेजारी नेव्हनं माझ्या कानाशी तोंड आणलं. ‘मर्व्ह, तू रविवारी नक्की काय म्हणालास?’ मी सांगितलं. ‘वेअर? दोन्हीकडे?’ मी मान हलवली. नेव्ह माझ्याकडे कधी नव्हे इतक्या दयेनं बघत म्हणाला, ‘अरेरे. तू तर दोर कापूनच टाकलास रे.’

वर्ग सुटल्यावर मिसेस लटविच यांनी युनिसला विचारलं, काय झालं. युनिस एवढंच म्हणाली, की मिस्टर टॅगर्ट मोकळे नाहीत. एवढंच, मावशी. एका शब्दानं ती माझ्याविरुद्ध वाईट बोलली नाही. बाकीचं सगळं गावानं जोडलं. बुधवारी मला बायको होती, गुरुवारी ती होबार्टला होती, शनिवारी जुळी झाली. रविवारी चर्चमध्ये माझं चहाबरोबरचे स्कोन-पाव वाटण्याचं काम काढून मला खुर्च्या उचलायला लावलं. दारूच्या गुत्त्यात गेलो तर धाकटा कांदेवाला म्हणतो, ‘काय मर्व्ह, पोरांची नावं तरी सांग!’ रागावलो असतो तर खरं मानलं असतं, हसलो असतो तर निर्लज्ज ठरलो असतो. मी मांसाची पेस्ट्री घेऊन घरी आलो आणि ती सिंकपाशी उभ्यानं खाल्ली.

तू म्हणशील, मग गाढवा, तिच्या दारात जाऊन का नाही सांगितलंस? गेलो. तीनदा गेलो. दार उघडलं नाही. मग मी चिठ्ठी टाकली. या वेळी ग्रंथालयातून व्याकरणाचं पुस्तक आणून, पहिल्या पानापासून वाचून, एकच वाक्य लिहिलं: ‘मला बायको असती, तर मी तुला सांगितलं असतं.’ अचूक लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते रूप जिथं वापरायचं तिथं वापरलं होतं. पण मावशी, इंग्रजी भाषेची गंमत बघ. ‘टु बी’ या एका क्रियापदालाच तो वेगळा कोट आहे. बाकीची सगळी क्रियापदं घरी-दारी एकच कपडा घालतात. ‘इफ आय हॅड अ वाइफ’ हे ‘बायको असती तर’ असंही वाचता येतं आणि ‘बायको होती तर’ असंही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी माझ्या पाटीखाली परत आली होती. ‘हॅड’खाली तांबड्या शाईची रेघ आणि समासात तिच्या वळणदार अक्षरात प्रश्न: ‘असती, की होती?’

मी ती चिठ्ठी घेऊन बाकावर बसलो आणि दोन तास तिथंच बसून राहिलो. कारण ती प्रश्न चुकीचा विचारत नव्हती. होती. ग्लोरिया होती. तुझ्याशिवाय हे तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हतं. ती गेली त्या दिवशी मी एका ट्रॉलरखाली पडून दांडा बदलत होतो. घरी आलो तर कपाट उघडं आणि किटली अजून कोमट. चहा पिऊन गेली होती. ती कोणाबरोबर गेली याचं मला फार वाटलं नाही. पण निघायच्या आधी शांतपणे बसून चहा प्यायली, हे मला कोणाला सांगवेना. पुढच्या वर्षी या गावात आलो, तेव्हा नेव्हनं विचारलं, ‘बायको-बियको?’ मी म्हटलं, ‘नाही.’ खोटं नव्हतं. वर्तमानकाळात विचारलं, वर्तमानकाळात उत्तर दिलं. त्या एका ‘नाही’वर मी नऊ वर्षं काढली. आता एक बाई तांबड्या शाईत भूतकाळ विचारत होती आणि मला उत्तर येत होतं, पण लिहिता येत नव्हतं. दोन आठवडे मी ते लिहिलं नाही. मी भित्रा आहे, मावशी. इंजिनाच्या बाबतीत नाही, पण बाकी आहे.

गेल्या गुरुवारी सकाळी नेव्ह धावत शेडमध्ये आला. (नेव्ह धावतो हे मी पहिल्यांदा बघितलं.) ‘तुला कळलं का? संध्याकाळच्या जहाजानं ती अॅडलेडला चालली. बहिणीकडे. कायमची. होडीसुद्धा विकली, पलीकडच्या तीरावरच्या माणसाला. आत्ता स्वतःच पोचवायला निघालीय.’ माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होते. तसाच धक्क्यावर गेलो. धक्क्यावर सात-आठजण गळ टाकून बसले होते, मिसेस लटविच कुत्रा फिरवत होत्या. आणि धक्क्यापासून पन्नास-साठ हातांवर पाण्यात अल्बनची ती निळी होडी, तिच्यात टोपी घातलेली युनिस. ती इंजिनाची दोरी ओढत होती. इंजिन दोन गचके देऊन बंद पडायचं. पुन्हा दोरी, पुन्हा गचके. मला इथूनच कळलं काय झालंय ते. पेट्रोलचा कॉक उघडला नव्हता. दीड वर्ष प्रत्येक वेळी मीच तो उघडून द्यायचो, बोलता बोलता, म्हणून तिला तो कॉक आहे हेच माहीत नव्हतं.

आता बघ मी कुठं उभा होतो. गप्प राहिलो तर होडी भरतीबरोबर परत धक्क्याला लागणार आणि ती सापडणार. सांगितलं तर इंजिन सुरू होणार, ती पलीकडे जाणार, संध्याकाळी जहाज. नेव्ह माझ्या कानात म्हणाला, ‘गप बस. अजिबात बोलू नको. पाणीच आणतंय तिला.’ पण तिनं पुन्हा दोरी ओढली, तिचा तोल गेला, ती बसली आणि एक क्षणभर तिनं हातमोज्यानं डोळे पुसले. माझ्यानं राहवलं नाही. मी ओरडलो, ‘युनिस! कॉक! डाव्या हाताला, टाकीखाली! आडवा आहे तो उभा कर!’

तिनं वर बघितलं. हात खाली नेला, कॉक सापडला. पण तो फिरवला नाही. त्याच्यावर हात ठेवून बसली आणि ओरडली, ‘मर्विन! बायको असती, की होती?’

धक्क्यावर सगळ्यांनी गळ सोडून माझ्याकडे बघितलं. वारा समोरून होता. मावशी, त्या वाऱ्यात लांब वाक्य पोचतच नाही. ‘जर’ म्हटलं तर ‘तर’ उडून जातो. मी पोटातून ओरडलो, ‘होती!’

‘वारली?’

‘नाही! सोडून गेली! दहा वर्षं झाली!’

‘मग तू अजून बांधलेला आहेस?’

‘नाही! घटस्फोट! कोर्टाचं पाकीट आलं! अठ्ठ्याहत्तर साली!’

‘मला आधी का नाही सांगितलंस?’

‘लाज वाटली!’

हे ओरडलो आणि मला असं वाटलं, की दहा वर्षं पोटात अडकलेला एक गंजका नट एकदम सुटला. सगळं गाव ऐकत होतं आणि मला काही वाटलं नाही. मिसेस लटविच यांचा कुत्रासुद्धा बसून ऐकत होता. मग युनिसनं, जरा हळू, पण तरी ओरडूनच विचारलं, ‘आणि त्या दिवशीचा पहिला वेअर? प्रेमाचा?’

‘तो चुकला! मला तो कोट वाटला!’

‘काय वाटला?’

‘कोट! ते राहू दे! प्रेम आहे!’

‘पूर्ण वाक्य बोल!’

‘माझं तुझ्यावर प्रेम आहे!’

‘काळ?’

‘वर्तमान!’ मी ओरडलो, आणि मागून थोरला कांदेवाला आपणहून ओरडला, ‘चालू वर्तमान, मिस!’

मग युनिसनं कॉक उभा केला. दोरी ओढली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं (माझंच काम ते, लागणारच), पण होडीचं तोंड पलीकडच्या तीराकडे होतं. तिनं सुकाणू धरलं, होडी पुढं गेली, आणखी पुढं गेली. नेव्ह म्हणाला, ‘तुला सांगितलं होतं गप बस.’ आणि मग ती होडी मोठं वळण घेऊन फिरली. तिला छोटं वळण घेता येत नाही, एवढंच त्याचं कारण. पण ते वळण पुरं होईपर्यंत मी किती म्हातारा झालो हे मला विचार.

धक्क्याला लागल्यावर मी दोर धरला. ती वर आली नाही. म्हणाली, ‘तू तीन आठवड्यांपूर्वी विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं.’ मी आता शहाणा झालो आहे. मी हिशेब केला: विचारलं असतंस, म्हणजे विचारलं नाहीस. म्हटलं असतं, म्हणजे म्हटलं नाही. माझा चेहरा पडला असणार, कारण ती म्हणाली, ‘अरे, मग आता विचार की! किती वेळ मी इथं ओल्या फळीवर बसू?’ मी ग्रीसच्या हातांनी, धक्क्यावर गुडघा टेकून, एकही जर न लावता विचारलं. ती म्हणाली, ‘हो.’ एक अक्षर. त्याच्यात मला एकही चूक सापडली नाही.

जहाजाचं तिकीट परत केलं. होडी परत घेतली, त्या पलीकडच्या माणसानं कुरकुर न करता सोडली. गावातली माझी जुळी मुलं शुक्रवारी सकाळपर्यंत नाहीशी झाली आणि आज चर्चमध्ये माझ्या हातात पुन्हा स्कोनचं ताट आलं. मिसेस लटविच मला म्हणाल्या, ‘मला तर पहिल्यापासून खात्री होती.’ कशाची ते मी विचारलं नाही. लग्न शनिवारी ११ ऑक्टोबरला, इथल्या चर्चमध्ये. तुला यायचंच आहे, पुढच्या बाकावर तुझी जागा धरली आहे. नेव्ह मोटार घेऊन तुला न्यायला येईल. तो वाटेत लग्नाबद्दल काही सल्ला देऊ लागला तर झोप लागल्याचं सोंग घे.

गुडघ्याला जप. शिडीवर चढू नकोस. पोपटाला माझी आठवण सांग.

तुझाच,
मर्विन

ता. क. टोपी नवी घेऊ नकोस, ती करड्या रंगाचीच छान दिसते. युनिसची टोपीही करड्या रंगाची आहे, पण तिचं लग्न असल्यामुळे तिला बदलायला सांगतो.

ता. क. २. एक बारीकसं काम होतं. लग्न लावायच्या आधी पाद्रीबुवांना घटस्फोटाचा कोर्टाचा कागद बघायचा आहे. इथल्या पोस्टातल्या बाईंना पाकिटं उजेडाला धरून बघायची सवय आहे, म्हणून मी तेव्हा कोर्टाला तुझा पत्ता दिला होता. पाकीट आलं, तू ते मला नाताळात दिलंस आणि मी ते तुझ्या शिवणयंत्राच्या डाव्या खणात, रिळांच्या खाली ठेवलं. ते अजून तिथंच असेल. ते मला पाठव.

ता. क. ३. मावशी, खरं सांगतो. मी ते पाकीट उघडलेलंच नाही. हातात धरलं आणि उघडवेना, म्हणून खणात टाकलं. आत ‘मंजूर’ लिहिलं आहे असं मी आठ वर्षं धरून चाललो आहे. ‘आणखी एक सही पाठवा’ असंही लिहिलेलं असू शकेल. हे पत्र वाचून होताच तू ते उघड आणि मला तार कर. युनिसला यातलं काही माहीत नाही आणि तुला कळेपर्यंत तिला सांगायचंही नाही.

ता. क. ४. सांगितलं. पाकिटावर तिकीट चिकटवता चिकटवता माझा धीर सुटला, टेकडी चढून गेलो आणि तिला हे सगळं पत्र वाचायला दिलं. वाचताना तिनं तोंडावर रुमाल धरला होता, त्यामुळे रडते आहे की हसते आहे हे कळेना. मग कळलं, हसत होती. पत्रातल्या बावीस चुका तिनं दुरुस्त केल्या आहेत. खालचं अक्षर तिचं.

मावशी, पाकीट उघडा. आत काहीही असो, मी इथं आहे. — युनिस